धुळ्याला कार्ड किती दिवसांत पोचतं

आबा,

आज सकाळी तुमची सून मला विचारत होती, आपल्या गावच्या पेटीत टाकलेलं कार्ड धुळ्याला किती दिवसांत पोचतं. ज्वारी निवडत बसली होती, मान खाली होती, विचारलंही सहजच. आणि मी, पन्नाशी उलटलेला, पोरांकडून पत्रलेखनाचा धडा वर्षानुवर्षं घोटून घेतलेला मास्तर, उत्तर न देता चष्मा पुसत राहिलो. पुसून झाल्यावर म्हणालो, बघून सांगतो. त्यात बघण्यासारखं काय होतं, ते मलाच माहीत. मग वेळ झालेली नसताना शाळेत येऊन बसलो. वर्गात अजून कोणी नाही, समोर कोरा कागद आहे. उत्तर द्यायचं ते तिला, आणि लिहायला बसलोय तुम्हाला. बोलताना मी तुम्हाला तूच म्हणायचो, आपल्याकडे बापाला तुम्ही कोण म्हणतं? पण कागद समोर आला की हात आपोआप तुम्ही लिहितो. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

तिला का विचारावं लागलं ते सांगतो. आपली थोरली, जी तुम्ही गेलात तेव्हा सहा वर्षांची होती आणि तुमच्या पागोट्यात चिंचा लपवायची, ती आता स्वतः मुलींच्या शाळेत शिकवते, आणि या वर्षी धुळ्याला ट्रेनिंगला गेली आहे. वय अठ्ठावीस. नवरा चाळीसगावच्या स्टेशनात कामाला, सासू थकलेली, म्हणून चार वर्षांची पोर आमच्याकडे ठेवली आहे. परवापासून पोरीला गोवर निघाला आहे. अंग भाजतंय, डोळे उघडत नाही, आणि ग्लानीत आईला हाका मारते. चार दिवसांवर थोरलीची परीक्षा. कळवायचं की नाही, कळवायचं तर आज की दोन दिवस वाट पाहून, याचा हिशेब तुमची सून मनाशी करते आहे. त्या हिशेबात तिला एकच आकडा हवा आहे, आणि तो मी बावीस वर्षांपूर्वी तिला खोटा सांगून ठेवला आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. दिपोटी साहेब येऊन शाळा तपासून गेले होते, आणि जाताना हुकूम वाचून दाखवला होता की बिनट्रेनिंगच्या मास्तरांनी यंदा धुळ्याला जाऊन वर्ष पुरं करावं, पास व्हावं, नाहीतर जागा खाली करावी. मी फायनल पास होऊन अकरा वर्षं मास्तरकी करत होतो. दोन पोरी झाल्या होत्या. गावात लोक मला रामराम घालायचे ते मास्तर म्हणून, शेतातलं मला काही धड येत नव्हतं हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हणजे नोकरी गेली तर मी कुठलाच उरत नव्हतो. मी शेतात आलो तेव्हा तुम्ही पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे बांधत होता. हुकूम ऐकून तुम्ही हसलात. म्हणालात, "मास्तर व्हई गया तरी शिकानं ऱ्हायनंच का तुनं?"

मला राग आला. मी म्हणालो, "या उमरमा पाटी लई बठू का? पोरं हसतीन."

तुम्ही भाऱ्यावर गुडघा दाबून दोर आवळला, आणि तेव्हाच, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "हसू दे. मीबी पाटी लई बठस. देखू, पहिले कोन शिकस." मग पाठ सरळ करून जरा रागानंच म्हणालात, "जाय तू. आठेनं बठ्ठं मी देखसू. बायकापोरंसनं नाव सांगी भ्यावू नको." इथलं सगळं तुम्ही बघणार म्हणालात, पण बायकोपोरांच्या नावाने भिऊ नको, हे मला लागलं. कारण बायकोपोरांचं नाव मी खरोखरच पुढे करत होतो. भीती माझी होती. पाटीची थट्टा मात्र मी थट्टाच समजलो, आणि चार पावलं गेल्यावर विसरूनही गेलो.

निघायच्या दिवशी मी ट्रंक तीनदा भरली आणि तीनदा उपसली. दहा कार्डं आणून त्यांवर माझा धुळ्याचा पत्ता माझ्याच हाताने लिहून ठेवला, म्हणजे तुमच्या सुनेला फक्त मागचा मजकूर लिहावा लागेल. तिला मीच अक्षरं शिकवली होती, लिहायची हळू पण नेटकं. कार्डाच्या माथ्यावर श्री काढायला तिला फार आवडायचं, त्याची वेलांटी ती पार कडेपर्यंत न्यायची. तुम्ही त्या वेळी बोरूंची एक जुडी घेऊन आलात. सात बोरू, नदीकाठचे, वाळवलेले, टोकं छाटलेले. मी पहिलीत होतो तेव्हापासून माझे बोरू तुम्हीच छाटायचात. तुम्ही डावखुरे, त्यामुळे टोकाचा उतार उलटीकडे पडायचा, आणि माझी अक्षरं जिथे बारीक हवीत तिथे जाड उमटायची. त्यासाठी मी पंतोजींच्या छड्याही खाल्ल्या होत्या, पण दुसऱ्याने छाटलेला बोरू मला कधी आवडला नाही. त्या दिवशी मात्र मी जुडी परत केली. म्हटलं, तिथे सगळे टाकाने लिहितात, बोरू पाहून हसतील. तुम्ही "बरं" म्हणालात आणि जुडी कोनाड्यात ठेवून दिलीत. इतकं साधं बरं, की मला वाईट वाटायलासुद्धा सवड झाली नाही.

धुळ्याचं ते वर्ष मी भीत भीत काढलं. सोबतचे सगळे वीस-बावीसचे, मिसरूड फुटलेले, मला नाना म्हणायचे. पाठ करायला बसलो की ओळी डोळ्यांपुढून जायच्या आणि मागे काही राहायचं नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांना उठाबशा काढायला लावलेल्या, आता स्वतः बाकावर बसून गुडघे दुखायचे. वर्गात पाठ देण्याची पाळी आली की पाठीमागे सगळे वह्या उघडून चुका टिपायला बसत. एकदा पाठ संपल्यावर आमचे मुख्य मास्तर म्हणाले, "तुम्ही वर्गाकडे बघून शिकवत नाही, दाराकडे बघून शिकवता. कोण येणार आहे?" सगळे हसले. मीही हसलो. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी शिपायाची वाट बघायचो, कारण टपाल तो आणायचा. टपाल आलं नाही तर घरी काही झालंय, आणि आलं तर काही झालं म्हणूनच आलंय, अशी माझी दुहेरी पंचाईत असायची. कार्ड हातात पडलं की आधी माथा पाहायचा. वेलांटी ताणलेला श्री दिसला की छातीतलं उतरायचं, मग सावकाश मजकूर.

एका कार्डात तुमच्या सुनेने लिहिलं, आबा हल्ली दुपारी घरीच असतात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसतात. झालं. कापूस वेचणीचे दिवस, आणि तुम्ही दुपारी घरी? मी लागोपाठ तीन कार्डं टाकली, आबांची तब्येत कशी आहे, खरं कळव, लपवू नको. उत्तर आलं, तब्येत ठणठणीत आहे, का बसतात ते आल्यावर कळेल. असल्या उत्तराने कुणाची काळजी मिटली आहे? मी तर ताप, छातीचं दुखणं, पायाचं सुजणं, सगळं मनात लावून पाहिलं. पाटी तेवढी मनात आली नाही.

परीक्षेच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, शिपाई कार्ड घेऊन आला. शुक्रवारी माझा शेवटचा पाठ होता, तो साहेबांसमोर द्यायचा, आणि शनिवारी सकाळी गणिताचा पेपर. पत्ता माझ्याच अक्षरात, म्हणजे कार्ड घरचंच. सवयीने उलटं करून माथा पाहिला. माथा कोरा होता. श्री नव्हता. खाली जाड काळ्या अक्षरांच्या दोन-तीन ओळी, तुमच्या सुनेच्या हाताच्या नव्हेत. बिनश्रीचं कार्ड कशाचं असतं ते आपल्यात शेंबडं पोरही सांगेल. मेल्याची बातमी लिहिताना वर श्री घालत नाहीत, वाचणारा वाचून ते फाडतो, अंघोळ करतो, आणि तिथून त्याला सुतक धरतं. मी कार्ड पालथं केलं आणि गणिताच्या पुस्तकात घातलं. एवढं व्हायला श्वास घेण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

मग मी विचार केला, किंवा केला असं स्वतःला सांगितलं. कार्ड वाचलं तर सुतक. सुतकात वर्गात पाऊल घालता येणार नाही, पाठ गेला, पेपर गेला, वर्ष गेलं, जागा गेली. आणि कानावर आलं नाही तोवर सुतक लागत नाही, हे तर जाणती माणसंही सांगतात. गेलेलं माणूस काही दोन दिवसांनी परत येत नाही की लांब जात नाही. शनिवारी दुपारी पेपर सुटला की वाचू, आणि रडायचं ते मोकळेपणाने रडू. असं सगळं नीट जुळवलं, जसं काळ-काम-वेगाचं उदाहरण जुळवावं. शुक्रवारचा पाठ माझा वर्षातला सगळ्यात चांगला झाला. दाराकडे एकदाही पाहिलं नाही. साहेबांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून शिसारी येते.

शनिवारी पेपर देऊन मी तसाच स्टेशनवर आलो, चाळीसगावच्या गाडीत खिडकीशी बसलो, आणि गाडी हलल्यावर पुस्तक उघडलं. कार्डावर लिहिलं होतं:

"ताप शे. एक डाव येई जाय. मी वाट देखस."

खाली सही म्हणून नुसतं "आबा".

धुळ्यापासून चाळीसगाव किती लांब ते तुम्हाला सांगायला नको. गुरुवारी दुपारी वाचलं असतं तर संध्याकाळच्या गाडीने निघून त्याच दिवशी घरी पोचलो असतो, तुमच्याजवळ बसलो असतो, अख्खा शुक्रवार माझ्या हातात होता. तुम्ही शुक्रवारी दिवस बुडता बुडता गेलात. मी पोचलो तेव्हा चुलतभावाने अग्नी देऊन झाला होता, आणि तार करायला निघालेला माणूस वाटेत मला ओलांडून गेला होता. अंगणात बायका बसल्या होत्या. तुमची सून उठून आली, तिने एवढंच विचारलं, "कार्ड भेटनं व्हतं का?" मी म्हणालो, आज भेटलं, पेपर सुटल्यावर. ती म्हणाली, बुधवारी टाकलं होतं, तीन दिवस लागले म्हणजे. सगळ्या बायका टपालाला शिव्या देऊ लागल्या. बिचाऱ्याला वेळेवर कळलंसुद्धा नाही, अशी माझी कीव सुरू झाली, आणि मी ती मान खाली घालून घेतली.

दहाव्यानंतर तिने मला कोनाड्यातली पाटी दाखवली. तुम्ही सहा महिने रोज दुपारी उंबऱ्याशी बसून तिच्याकडून अक्षरं गिरवत होता. ती चुलीपाशी भाकरी थापता थापता अक्षर सांगायची आणि तुम्ही ते पाटीवर गिरवून मग मी नाकारलेल्या बोरूने कागदावर लिहायचात. मी पास होऊन आलो की माझ्यापुढे पाटी धरायची आणि म्हणायचं, पहिले कोन शिकना, असं ठरलं होतं. शेवटचं कार्ड तुम्ही अंथरुणात उठून बसून लिहिलंत. "मी म्हनं, आबा, वर श्री ऱ्हायना," तिने सांगितलं. "ते म्हनेत, आठ दिन व्हयनात आंग धोयं नही. पारोसा हाते देवनं नाव नही लिखानं. जागा सोडेल शे. मी म्हनं, त्यासनी तुमनं अक्षर कव्हयच देखेल नही, घाबरी जातीन. ते म्हनेत, मना पोऱ्या वयखी ली." माझा पोरगा अक्षर ओळखेल, हा तुमचा भरवसा सांगून ती पदराने डोळे पुसत म्हणाली, उशिरा का होईना, तुम्हाला मिळालं तरी. पुढे मी पास झाल्याचा कागद आला. तिने तो तुमच्या पाटीवर ठेवून हळदकुंकू वाहिलं. मला तिथे उभं राहवेना, मी गोठ्यात जाऊन राहिलो.

त्याच कागदावर मी दोन पोरी वाढवल्या, मोठी शाळा मिळाली, आज थोरली ट्रेनिंगला आहे तीही त्याच्याच जोरावर. कार्ड मी फाडलं नाही. तेव्हापासून मी गावातल्या कुणाच्याही घरी कार्ड आलं आणि मला वाचायला बोलावलं, तर हातातला घास ठेवून जातो. लोक म्हणतात, मास्तर फार तत्पर.

इथवर लिहून मी घरी जाऊन आलो. नातीच्या कपाळावर हात ठेवला, तो ठेववेना इतकी तापली होती. तुमची सून तिच्या उशाशी बसली होती. तिने पुन्हा विचारलं, "धुयाले कार्ड कितला दिनमा पोचस? तीनच ना? मंग आज टाकं तरच परीक्षानं पहिले तिले पोचस." तिला वाटत होतं, दोन दिवस थांबून पाहावं, गोवर उतरला तर पोरीच्या परीक्षेत विघ्न नको. तीन दिवस धरले तर थांबता येत नव्हतं, लगेच लिहून तिला घाबरवावं लागत होतं. ती अडली होती ती माझ्या खोट्यावर.

मी म्हणालो, "दुसराच दिन पोचस. आज टाकं की सकाय दुपारले तिना हातमा."

ओली घडी नातीच्या कपाळावर ठेवायची ती तिच्या हातातच राहिली. "तव्हय तं तीन दिन लागनात," ती म्हणाली.

"नही," मी म्हणालो. "तव्हयबी दुसराच दिन पोचनं व्हतं."

मला वाटलं, आता विचारेल, मग वाचलं का नाही? तिने घडी कपाळावर ठेवली, ती नीट बसवली, दुसरी पाण्यात भिजत घातली. आता दोन दिवस थांबता आलं असतं, तरी म्हणाली, "मंग थांबानं काय काम नही. आजच लिखा. यानं का नही ते ती ठरावी. वर श्री मोठा काढा." आणि माझ्याकडे पाठ करून बसली. बावीस वर्षांत ती माझ्याकडे अशी पाठ करून कधी बसली नव्हती.

मी कार्ड लिहून टाकून आलो. श्री असा मोठा काढला की लांबून दिसावा. पोरीला गोवर आहे, वैद्य म्हणतात उतरेल, तुझी परीक्षा आहे, तुला वाटेल तसं कर, कसंही केलंस तरी आम्ही दोघं इथे आहोत. एवढंच लिहिलं. ती आली तर तिचं वर्ष जाईल. आली नाही आणि इकडे काही वेडंवाकडं झालं तर? पण काहीही झालं तरी ते तिला ठाऊक असेल, आणि ते तिनेच ठरवलेलं असेल. मी दोन्ही गोष्टी हुकवल्या होत्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पाटीच्या मागे ठेवून देईन. आज माझी अंघोळ झालेली आहे, तरी वर श्री घातलेला नाही, जागा सोडली आहे. तुमच्या सुनेला आज जे सांगितलं ते अर्धंच आहे, उरलेलं तिला सांगायचा धीर मला होईल की नाही, माहीत नाही. ती आजवर हळहळत आली की आबांचं अक्षर यांनी कधी पाहिलंच नव्हतं, ओळखणार कसं. आणि मीही स्वतःला तेच सांगत आलो, की परक्या हाताचं बिनश्रीचं कार्ड, दुसरं काय समजणार होतो. पण त्या गुरुवारी कार्ड पालथं करायच्या आधी मी ती जाड अक्षरं पाहिली होती. बारीक हवीत तिथे जाड, उलट्या उताराची. तसा बोरू छाटणारा माणूस आपल्या घरात एकच होता, पाटीची थट्टा आणि दुपारचं उंबऱ्याशी बसणं मला त्याच क्षणी जुळलं होतं, आणि मेलेला माणूस कार्ड लिहीत नाही एवढं कळण्याइतका मी तेव्हाही शिकलेला होतो. तुम्ही गेला असाल याची मला भीती नव्हती. तुम्ही असाल आणि मला बोलावलं असेल, याची होती. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, आबा. मी अक्षर ओळखलं होतं.